वाचकांचे प्रश्न : ॲनाने फारकत का नाकारली?

मागच्या अंकात टॉलस्टॉयच्या ‘ॲना कॅरेनिना’वर प्रश्न मागवले होते. धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांतून पत्रं आली. त्यांतली निवडक इथे घेतली आहेत.

कादंबरी न वाचलेल्यांसाठी कथा चार ओळींत. पीटर्सबर्गमधल्या बड्या सरकारी अधिकाऱ्याची, कॅरेनिनची, बायको ॲना. नवरा तिच्याहून वीस वर्षांनी मोठा, मुलगा सेर्योझा आठ वर्षांचा. मॉस्कोत भाऊ स्तीवा आणि भावजय डॉली यांचा मोडत आलेला संसार सावरायला ती येते आणि व्रॉन्स्की या तरुण लष्करी अधिकाऱ्यात गुंतते. शेवटी घर, मुलगा, समाज सगळं सुटून ती रेल्वेखाली जीव देते. याला समांतर शेतमालक लेविन आणि डॉलीची धाकटी बहीण किटी यांची गोष्ट चालते.

चौथ्या भागाच्या शेवटी कॅरेनिन सोडचिठ्ठी द्यायला तयार होतो, मुलगासुद्धा द्यायला तयार होतो. तरी ॲना नाही म्हणते. मग पुढचे तीन भाग त्याच कागदासाठी तडफडते. हा लेखकाचा ढिसाळपणा नाही का? (अमळनेर)

आलेल्या पत्रांत हा सगळ्यात नेमका प्रश्न. ढिसाळपणा नाही. सगळी कादंबरी याच खुंटीवर टांगलेली आहे. मात्र ते कळायला आधी त्या काळचा रशियातला कायदा कळायला हवा.

तो टॉलस्टॉयनेच सांगून ठेवला आहे, चौथ्या भागाच्या पाचव्या प्रकरणात, वकिलाच्या तोंडून. लग्न-घटस्फोट हा विषय तिथे चर्चच्या हातात होता. घटस्फोट मिळायला कारणं मोजकीच: शारीरिक दोष, पाच वर्षं ठावठिकाणा न लागणं, किंवा व्यभिचार. आपलं पटत नाही, हे कारणच नव्हे. व्यभिचाराच्या बाबतीत पुन्हा कोण दोषी हे ठरवावं लागे. दोषी ठरला त्याला दुसरं लग्न करता येत नसे, आणि मूल राही निर्दोष ठरलेल्याकडे. पुरावाही लागे तो साक्षात पाहणाऱ्याचा. कॅरेनिनने ॲनाच्या खणातली पत्रं जप्त केलेली असतात, पण नुसत्या पत्रांवर काम भागत नाही असं वकील सांगतो. (हे प्रकरण घाईने वाचू नका. कॅरेनिन आपली अब्रू उघडी करत असताना वकिलाचं लक्ष खोलीत उडणाऱ्या कसरीकडे आहे. एक समोरून जाते, हात उचलला जातो, पण अशिलाचा हुद्दा पाहून तो कसर सोडून देतो. शेवटी त्याच्या मनात पक्कं होतं ते एवढंच, की पुढच्या हिवाळ्यापर्यंत फर्निचरला मखमल लावून घ्यायची.)

आता कॅरेनिनच्या तयारीकडे पाहा. व्रॉन्स्कीपासूनच्या मुलीच्या बाळंतपणात ॲना मरणाच्या दारी जाते, तेव्हा तो तिला आणि व्रॉन्स्कीला क्षमा करतो. नंतर स्तीवा मध्यस्थीला येतो. कॅरेनिन म्हणतो, बदनामी मी माझ्यावर घेतो, मुलगाही देतो. म्हणजे काय? दोषी नसलेल्या माणसाने खोटे साक्षीदार उभे करून स्वतःला व्यभिचारी ठरवून घ्यायचं. असं झालं तर ॲना कायद्याने निर्दोष, दुसऱ्या लग्नाला मोकळी, मुलगा तिच्याकडे. तिला हवं ते सगळं एका ताटात.

ते ताट ती परत करते. कारण पुस्तकात एका वाक्यात सुद्धा नीट दिलेलं नाही. ती ठामपणे नकार देऊन परदेशी गेली, एवढंच लिहिलं आहे. पण दोनच प्रकरणं मागे जा. ती भावाला सांगते, की बायका दुर्गुणांसाठीही माणसावर प्रेम करतात म्हणे, मी मात्र याच्या सद्गुणांसाठी याचा द्वेष करते. त्याच्या मोठेपणाखाली ती दबली आहे. त्याला फसवलं, आता त्याच्याच अब्रूवर आणि त्याच्याच मुलावर आपलं सुख उभारायचं, हे तिच्याने होत नाही. उपकार फेडता येत नसेल तर माणूस उपकार करणाऱ्यालाच टाळायला लागतो. आपल्याकडे भाऊबंदकीत हे रोज दिसतं.

कर्तव्य एका पारड्यात आणि ओढ दुसऱ्यात, असा सरळ तराजू इथे नाही म्हणतो तो यासाठी. नकार देताना ॲना कर्तव्यच पाळते आहे, पण ते तिचं स्वतःचं, कोणी न शिकवलेलं. त्याची किंमत तिला तेव्हा कळत नाही, कारण इटलीत कागद मागायला कोणी येत नाही. रशियात परतल्यावर येतात. तोवर कॅरेनिन काउंटेस लिडियाच्या धार्मिक नादाला लागलेला असतो. सातव्या भागात स्तीवा पुन्हा विचारायला जातो तेव्हा निर्णय घेतो लांदो नावाचा एक फ्रेंच माणूस, झोपेत बडबडून. आधी जी गोष्ट माणुसकीने मिळत होती, ती आता भगतापुढे मागावी लागते आणि मिळत नाही.

आजचा भारतीय कायदा असता तर ॲना वाचली असती का? (पाचोरा)

कागद मिळाला असता. हिंदू विवाह कायदा 1955चा, त्यात परस्परसंमतीचं कलम 13-ब 1976 साली आलं: एक वर्ष वेगळं राहिल्यावर दोघांनी मिळून अर्ज करायचा, दोषी कोण हा प्रश्नच नाही. व्यभिचार हा गुन्हा ठरवणारं कलम 497 सर्वोच्च न्यायालयाने 2018मध्ये रद्द केलं. घटस्फोटाचं कारण म्हणून तो अजून आहे.

एक गोष्ट मात्र तशीच राहिली असती. सहाव्या भागात व्रॉन्स्की डॉलीला कळवळून सांगतो, माझी मुलगी कायद्याने माझी नाही, कॅरेनिनची आहे. आपल्याकडेही लग्न टिकून असताना जन्मलेलं मूल नवऱ्याचंच धरलं जातं. पुराव्याच्या जुन्या कायद्यात ते कलम 112 होतं, 2023च्या नव्या साक्ष कायद्यात 116 आहे.

हेच सगळं तिचा भाऊ करतो. त्याला काहीच का होत नाही? (धुळे)

कादंबरी सुरूच स्तीवाच्या लफड्याने होते. मुलांना शिकवणाऱ्या बाईशी त्याचं प्रकरण आहे, डॉलीच्या हाती चिठ्ठी लागली आहे. तो तीन दिवस आपल्या अभ्यासिकेतल्या कोचावर झोपतो आणि पश्चात्ताप कशाचा होतो, तर लपवता आलं नाही याचा. आणि डॉलीची समजूत घालायला कोण येतं? ॲना. यापेक्षा बोचरी सुरुवात आम्हाला तरी माहीत नाही.

पण ‘पुरुषाला एक न्याय, बाईला एक’ एवढ्यावर उत्तर संपवलं तर निम्मं राहून जातं. ॲनाच्या वर्तुळातल्या बायकाही हेच करतात. प्रिन्सेस बेट्सीचा मित्र उघड गुपित आहे, तिच्या घरी सगळे जातात. व्रॉन्स्कीच्या आईला सुरुवातीला या प्रकरणाचं कौतुकच वाटतं. मोठ्या घरातल्या बाईशी संबंध म्हणजे तरुण पोराची शान. तिचं डोकं फिरतं ते पोराने या नादात चांगली नेमणूक नाकारली तेव्हा. म्हणजे नियम असा: करा, पण घर मोडू नका, नोकरी सोडू नका, तोंडाने कबूल करू नका. ‘लोक काय म्हनतीन’ ही आपल्याकडची धास्ती. तिथे लोकांना सगळं ठाऊक असतं आणि ते काही म्हणत नाहीत, जोवर तुम्ही स्वतः म्हणत नाही. ॲना शर्यतीहून परतताना गाडीतच नवऱ्याला सांगून टाकते. तिथून ती त्या जगातून बाद.

व्रॉन्स्कीचे नियम तिसऱ्या भागाच्या विसाव्या प्रकरणात आहेत, ते जरूर पाहा. पत्त्यांत हरलेले पैसे लबाडालाही फेडायचे, शिंप्याचे नाही फेडले तरी चालतं. पुरुषाशी खोटं बोलायचं नाही, बाईशी बोललं तर हरकत नाही. कोणाला फसवायचं नाही, पण नवऱ्याला फसवता येतं. हे नियम अविचारी असतील, वाईट असतील, पण पक्के होते, एवढंच टॉलस्टॉय वर जोडतो. पाचव्या भागाच्या शेवटी ॲना नाट्यगृहात जाते, शेजारच्या कक्षातली बाई तिच्याजवळ बसणं लाजिरवाणं आहे म्हणून उठून जाते. त्या वेळी व्रॉन्स्कीला राग येतो तो त्या बाईचा कमी, ॲनाचा जास्त: ही गेलीच कशाला? त्याच्या नियमांच्या यादीत या प्रसंगासाठी काही लिहिलेलं नाही.

सुरुवातीलाही रेल्वे, शेवटीही रेल्वे. हा योगायोग फार ओढूनताणून आणल्यासारखा वाटतो. आणि खरंच असं काही घडलं होतं का? (भुसावळ)

हा प्रश्न जंक्शनहून यायचाच. आधी घडलेलं. जानेवारी 1872मध्ये टॉलस्टॉयच्या शेजारच्या जमीनदाराच्या घरात राहणारी ॲना पिरोगोवा हिने, त्याने दुसरीकडे लग्न ठरवल्यावर, जवळच्या यासेन्की स्टेशनवर मालगाडीखाली जीव दिला. टॉलस्टॉयने जाऊन ते प्रेत पाहिलं. लिहायला सुरुवात झाली 1873मध्ये.

आता ओढूनताणून का, ते. पहिल्या भागातला अपघात रेल्वेतल्या माणसाने बारकाईने वाचावा असा आहे. मरतो तो स्टेशनवरचा पहारेकरी. गाडी पुढून येत नाही, मागे हटत येते. तो प्यायलेला होता किंवा थंडीमुळे कान-डोकं गच्च गुंडाळलेलं होतं, म्हणून त्याला ऐकू आलं नाही. मागे येणाऱ्या गाडीने माणूस कसा मरतो हे यार्डात काम केलेल्याला सांगायला नको. व्रॉन्स्की त्याच्या बायकोसाठी 200 रूबल देतो, आणि ते ॲनाच्या कानावर जातं. ॲना म्हणते, हा अपशकुन. म्हणजे दैव वगैरे नंतर, आधी एक मजूर मरतो, त्यावर एक सरदार छाप पाडून घेतो आणि एक बाई ते मनात ठेवते. शेवटच्या दिवशी तिला तो पहारेकरी आठवतो आणि काय करायचं ते सुचतं. योगायोग म्हणून नाही, आठवण म्हणून तो परत येतो.

शेवटचं प्रकरण (सातवा भाग, एकतिसावं) हळू वाचा. मालगाडी येते. पहिल्या डब्याच्या बरोबर मधोमध पडायचं असं ती ठरवते, पण हातात लाल पिशवी आहे, ती निघता निघत नाही आणि डबा पुढे जातो. दुसऱ्याची वाट पाहावी लागते. ती क्रूसाची खूण करते आणि त्या लहानपणापासूनच्या सवयीने सगळं बालपण क्षणात उजळतं. तरी डोळे चाकांवरून हलत नाहीत. पिशवी टाकून गुडघ्यांवर पडल्यावर तिला वाटतं: मी कुठे आहे? हे काय करतेय? ती उठायला जाते. उशीर झालेला असतो. जे लोक म्हणतात टॉलस्टॉयने तिला शिक्षा म्हणून मारलं, त्यांनी ते उठायला जाणं पाहिलेलं नसतं.

मग पुस्तकाच्या सुरुवातीचं बायबलचं वाक्य, ‘सूड घेणे माझे काम, मी परतफेड करीन’, याचा अर्थ काय? (जळगाव)

ते वाक्य रोमकरांस पत्रातलं आहे, अध्याय 12, ओवी 19. त्याच्या आधीचे शब्द पाहिले की दिशा बदलते: तुम्ही स्वतः सूड घेऊ नका. म्हणजे बेट्सी, लिडिया, नाट्यगृहातली ती बाई यांना न्याय करण्याचा अधिकार नाही. दुसरी बाजूही आहे. शेवटी ॲनाच्या मनात व्रॉन्स्कीला शिक्षा द्यायचाच विचार आहे. सूड तिनेही हातात घेतला. एकच अर्थ काढून पुस्तक मिटायचं असेल तर हे वाक्य उपयोगी पडणार नाही.

आमच्या वाचनगटात बारा जण आहेत. दोनदा सुरू केलं, दोन्हीदा दुसऱ्या भागात गाडी अडली. कसं वाचावं? (चाळीसगाव)

आधी हातातलं पुस्तक पूर्ण आहे का ते तपासा. अडणाऱ्या गटांपैकी बऱ्याच जणांच्या हाती वेगवेगळे संक्षेप असतात आणि चर्चेत एकाचं प्रकरण दुसऱ्याकडे नसतंच. पूर्ण कादंबरीत 8 भाग आणि 239 प्रकरणं आहेत: अनुक्रमे 34, 35, 32, 23, 33, 32, 31 आणि 19. मोजत बसायचं नसेल तर पाचव्या भागाचं विसावं प्रकरण काढा. सगळ्या पुस्तकात तेवढ्याच प्रकरणाला नाव आहे, ‘मृत्यू’. नाव गायब असेल तर संपादकाने हात चालवला आहे असं समजा. दुसरी खूण, वकिलाकडची कसर. संक्षेप करणारा ती पहिल्या झटक्यात काढतो.

मग नावं. गाडी अडते ती इथेच. रशियन नावात मधे बापाचं नाव येतं, अगदी आपल्यासारखं. म्हणून ॲना अर्कादयेव्ना आणि स्तीवा म्हणजे स्तेपान अर्कादयेविच: दोघं अर्कादीची मुलं, भाऊ-बहीण. डॉली म्हणजे दार्या अलेक्सांद्रोव्ना. कॅरेनिनही अलेक्सी अलेक्सांद्रोविच, पण डॉलीचा आणि त्याचा बाप एक नव्हे, नुसता नावसारखेपणा. आणि मोठा खड्डा हा, की नवरा आणि प्रियकर दोघांचंही नाव अलेक्सी. तापात ॲना बडबडते, की दोन्ही अलेक्सी आहेत, काय दैव हे. त्याचा अर्थ नावं पक्की असतील तरच लागतो. पुठ्ठ्याची खूणपट्टी करा, तिच्यावर दहा-बारा नावं आणि लाडनावं लिहून प्रत्येकाने पुस्तकात ठेवा. वहीत लिहिलेली यादी कोणी उघडत नाही.

वेग: प्रकरणं लहान आहेत, बहुतेक तीन-चार पानांची. रोज दोन वाचली तर 120 दिवस. आखाजीला सुरू केलं तर पोळ्याच्या आसपास संपतं. बैठका पानं सारखी वाटून ठरवू नका, कथेच्या सांध्यावर ठरवा. पहिला भाग एका बैठकीत बसतो. दुसरा बसत नाही, म्हणून तुम्ही अडलात: तो एकोणतिसाव्या प्रकरणावर, शर्यत आणि गाडीतला कबुलीजबाब झाल्यावर तोडा. उरलेली सहा प्रकरणं जर्मनीतल्या किटीची आहेत, ती तिसऱ्या भागाच्या शेतीबरोबर घ्या. पाचवा भाग विसाव्या प्रकरणावर तोडा. सहाव्यात डॉलीचा प्रवास ते तिचं परतणं (16 ते 24) ही स्वतंत्र बैठक ठेवा, गटात सगळ्यात जास्त बोलणं त्यावर होतं. त्यानंतरची निवडणुकीची प्रकरणं कंटाळवाणी आहेत, हे मान्य. ज्यांना जिल्हा बँकेच्या निवडणुकीचा अनुभव आहे त्यांना कदाचित मजा येईल.

ॲना मेली की पुस्तक मिटू नका. आठवा भाग मूळ मासिकातही आला नव्हता. 1875 ते 1877 कादंबरी क्रमशः छापून आली, पण सर्बियाच्या युद्धाला निघालेल्या स्वयंसेवकांबद्दल टॉलस्टॉयचं मत संपादक कात्कोवला पटलं नाही, त्याने शेवटचा भाग नाकारला. टॉलस्टॉयने तो वेगळा छापला.

लेविनची शेतीची प्रकरणं गाळली तर चालतील का? आम्ही शेतकरी, दिवसभर तेच बघतो. (शहादा)

गवतकापणीची दोन तेवढी गाळू नका, तिसऱ्या भागातली 4 आणि 5. मालक स्वतः विळा घेऊन मजुरांच्या रांगेत उतरतो. आधी खांद्याच्या जोराने कापतो, रांग वाकडी जाते, दम लागतो. मग कधीतरी हाताचा विचार सुटतो आणि रांग आपोआप सरळ पडते. पुन्हा विचार आला की पुन्हा बिघडते. (हा विळा आपला वाकून चालवायचा नव्हे, लांब दांड्याचा, उभ्याने दोन्ही हातांनी फिरवायचा.) तुम्ही ते रोज बघत असाल तर लेखकाला शेतीतलं खरंच कळतं का, हे सांगायचा हक्क तुमचाच.

आणि एक. सगळं मिळालेला, सुखी संसारातला हा लेविन आठव्या भागात गळफास घेईन या भीतीने दोरी लपवून ठेवतो, बंदूक बरोबर घेत नाही. ॲनाकडे समाजाचा काच आहे म्हणून ती मेली, एवढाच निष्कर्ष काढणाऱ्याला हे प्रकरण अडवतं.

ॲनाला माहेर नव्हतं का? एकदाही ती कुठे टेकायला जात नाही. (यावल)

नव्हतं. पाचव्या भागाच्या एकविसाव्या प्रकरणात एक परिच्छेद आहे, तो पुष्कळांच्या नजरेतून सुटतो. ॲनाला आत्याने वाढवलं. कॅरेनिन त्या प्रांताचा गव्हर्नर. आत्याने दोघांची गाठ घालून दिली आणि मग एका ओळखीच्याकरवी त्याच्या कानावर घातलं, की तुमच्यामुळे मुलीचं नाव खराब झालं आहे, आता मागणी घालणं भाग आहे. तो बराच काळ कां-कूं करत होता, हो म्हणायला जितकी कारणं तितकीच नाही म्हणायला. शेवटी अब्रूचा विषय म्हणून मागणी घातली. मुलगी पाहून गेले, गावभर झालं, आता नकार कसा द्यायचा, हे आपल्याकडचं गणित जसंच्या तसं. लक्षात घ्या, इथे अडकला तो कॅरेनिन. ॲनाला काय वाटलं हे त्या परिच्छेदात नाहीच.

तेव्हा आखाजीला झोक्यावर बसून सासरचं बोलायची सोय ज्या बाईला कुठेच नाही, ती ही. उरतो भाऊ. आणि भाऊ स्तीवा.

आई मुलाला सोडून जाऊच कशी शकते? आमच्या गटातल्या बायका इथे ॲनाला माफ करायला तयार नाहीत. (मुक्ताईनगर)

माफी तीही मागत नाही. सेर्योझाच्या वाढदिवसाला ती सकाळी लवकर चोरून जुन्या घरात शिरते (पाचवा भाग, 29 आणि 30). आई मेली असं त्याला सांगितलेलं असतं. त्याने ते मानलेलं नसतं. काही मिनिटं मिळतात, नवरा येतो, ती निघून जाते. आदल्या दिवशी दुकानात एकेक निवडून घेतलेली खेळणी पुडक्यातून बाहेरसुद्धा निघत नाहीत. तशीच परत नेते. गटात हे एवढंच वाक्य मोठ्याने वाचा आणि मग पुन्हा विचारा.

व्रॉन्स्कीपासून झालेल्या मुलीवर तिचा जीव बसत नाही, हे त्याहून अवघड आहे. टॉलस्टॉय ते लपवत नाही. डॉली विचारते, बाळाला दात किती आले? ॲना चुकीचा आकडा सांगते, नवे दोन तिला माहीत नसतात.

आम्हाला ॲनापेक्षा डॉलीच जवळची वाटते. हे चुकतंय का? (एरंडोल)

चुकत नाही. ओढ आणि कर्तव्य यांचा खरा हिशोब डॉलीच मांडते, तोही पैशांत. सहाव्या भागात ती ॲनाकडे पाहुणी जाते. ॲनाच्या झोकदार मोलकरणीसमोर सामान उघडताना ठिगळ लावलेला घरचा सदरा निघतो आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं होतं. घरी याच ठिगळांचा तिला अभिमान असतो. सहा सदऱ्यांना 24 अर्शीन (कापड मोजायचं तिकडचं माप) मलमल लागते, 65 कोपेक भावाने, म्हणजे 15 रूबलच्या वर, शिलाई वेगळी. ते तिने वाचवलेले असतात. ज्या बाईने असा हिशोब केला आहे तिला त्या ठिगळाची लाज पहिल्यांदा कुठे वाटते, तर जिने सगळं झुगारलं त्या बाईच्या घरी.

जाताना वाटेत मात्र हीच डॉली मनातल्या मनात एक प्रियकर रचत जाते. लग्नाच्या पंधरा वर्षांत बाळंतपणं, दुखरी स्तनाग्रं, मुलांची आजारपणं. ॲनाने केलं ते बरोबरच केलं, असं तिला वाटून जातं. एक तरुण शेतकरीण तिला हसत सांगून गेलेली असते, की मूल होतं, देवाने सोडवलं, होतं तोवर नुसतं बंधन. डॉलीला ते ऐकून शहारे आलेले असतात, आणि आता त्यात थोडं खरं आहे असंही वाटतं. पोचल्यावर ती पाहते: नवं इस्पितळ, इंग्रजी घोडे, लॉन टेनिस, आणि डोळे बारीक करून बघायची ॲनाची नवी सवय. रात्री ॲना सांगते, आता मला मुलं होणार नाहीत, मीच होऊ देणार नाही. वाटेत जे हवंसं वाटलं होतं ते इतकं सोपं आहे हे ऐकून डॉलीला बोलायलाच सुचत नाही. ठरल्याआधी ती परत निघते.

घर कसं होतं याचा निवाडा डॉली देत नाही. तो देतो तिचा गाडीवान. पाहुण्याच्या बैलांपुढे काय टाकलं यावरून घर जोखणाऱ्या आपल्या माणसांना तो लगेच पटेल. एवढे श्रीमंत, तो म्हणतो, आणि आमच्या घोड्यांना ओट दिले ते तीन मापं. कोंबडा आरवायच्या आत दाणा न् दाणा संपला होता.